दोर धरणारे

१८०५ सालीं बंगालमधील सेरामपूर येथें मराठी भाषेचें एक व्याकरण छापून निघालें, आणि पुढें पांच वर्षांनीं त्याच ग्रंथकाराचा मराठी-इंग्रजी कोश मोडी टाइपांत प्रसिद्ध झाला. मराठी मुद्रणाच्या इतिहासांत विल्यम केरी हें नांव त्यामुळें कायमचें नोंदलें गेलें. वैजनाथ पंडिताच्या साह्यानें मराठी शब्द जमविणारा हा परदेशी गृहस्थ तरुणपणीं इंग्लंडांत जोडे शिवून पोट भरीत असे, हें पुष्कळांच्या कानांवर आलेलें असतें; आणि जोडे शिवणारा मनुष्य केवळ स्वतःच्या जिद्दीनें केवढा पंडित झाला, असा त्या हकीकतीचा शेवट करण्याची चाल आहे.

जिद्द तर खरीच. परंतु केरीच्या हातांतील आरी सुटून तेथें लॅटिनचें पुस्तक आलें तें कोणामुळें, घरांत चूल पेटण्याची पंचाईत असतां त्याच्या अभ्यासाचे दिवस कोणीं विकत घेतले, आणि सात समुद्रांपलीकडे गेल्यावर त्याला विसरावयाचें नाहीं अशी शपथ कोणीं वाहिली, हें क्वचितच सांगितलें जातें. तीं माणसें म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागांतील लहानसहान गांवांचे तीनचार धर्मोपदेशक. केटरिंगचा अँड्र्यू फुलर, ओल्नीचा जॉन सट्क्लिफ, नॉर्दॅम्प्टनचा जॉन रायलंड आणि मागाहून त्यांना येऊन मिळालेला बर्मिंगहॅमचा तरुण सॅम्युएल पिअर्स. जो दुसऱ्यांना धीर देतो त्याला धीर कोणीं द्यावा, हा प्रश्न त्यांच्यापुढें पुस्तकी नव्हता. तो त्यांच्या रोजच्या जगण्यांतला होता.

हे सर्व बॅप्टिस्ट पंथाचे पाळक. या पंथांत बिशप नाहीं, वरिष्ठ अधिकारी नाहीं. प्रत्येक गांवची मंडळी स्वतंत्र. ती आपला पाळक आपण निवडते, आपण पोसते आणि नकोसा झाल्यास आपणच निरोप देते. राजमान्य चर्चच्या बाहेर असल्यामुळें ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील पदव्या त्यांना त्या काळीं बंद होत्या. मंडळींत विणकर, चांभार, लहान शेतकरी असेच लोक फार. तेव्हां पाळकाच्या पदरांत काय पडणार हें उघड आहे. रविवारीं दोनतीनदां उपदेश करावा, आजाऱ्याच्या उशाशीं बसावें, भाऊबंदांचीं भांडणें मिटवावीं, मेलेल्याला पोंचवून यावें आणि घरीं येऊन स्वतःच्या लेंकरांच्या भाकरीची विवंचना करावी, असा त्याचा क्रम. त्याच्या मनांत शंका आली तर ती त्यानें बोलून दाखवावी कोणापाशीं? मंडळीपाशीं बोलला तर मंडळी हबकणार. पत्नीपाशीं बोलला तर तिच्या डोक्यावर आधींच काय थोडें ओझें!

फुलर हा याचा उत्तम नमुना होय. १७५४ सालीं केंब्रिजशर परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं तो जन्मला. अंगानें पहिलवानासारखा, बोलण्यांत रोखठोक, आणि शाळेचें शिक्षण बेताबाताचें. वयाच्या एकविसाव्या वर्षीं सोहॅम गांवच्या मंडळीनें त्याला पाळक नेमिलें. मंडळीकडून वर्षाला सुमारें तेरा पौंड मिळत. तेवढ्यावर संसार चालेना म्हणून त्यानें लहानसें दुकान घातलें, तें चाललें नाहीं. शाळा काढली, तीही बसली. याहून बिकट अडचण मनाची होती. ज्या कठोर मतांत तो वाढला होता त्यांप्रमाणें, देवानें निवडलेल्यांचेंच तारण होणार, तेव्हां इतरांना पश्चात्ताप करा म्हणून विनविणें व्यर्थ, असें उपदेशक मानीत. फुलरला हें पटेना आणि सोडवेनाही. कित्येक वर्षें तो एकटाच या प्रश्नाशीं झगडत राहिला. शेवटीं १७८२ सालीं, मंडळीला सोडावें कीं न सोडावें या विचारानें अनेक महिने झोंप उडाल्यानंतर, तो केटरिंगला आला. एखादें राज्य सोडतांनाही कोणी इतका घोळ घातला नसता, असें कोणास वाटेल. पण तेरा पौंड देणाऱ्या त्या गरीब लोकांवर त्याचा जीव होता.

पाळकांच्या साह्याची कांहींच सोय नव्हती असें नव्हे. लंडनमध्यें १७१७ सालीं स्थापन झालेला एक बॅप्टिस्ट निधि होता. खेड्यांतील गरजू पाळकांना त्यांतून वर्षाला कांहीं पौंड मिळत. ब्रिस्टल येथें उपदेशक तयार करणारी जुनी पाठशाळा होती आणि तिच्या पाठीशीं १७७० सालीं एक शिक्षणसंस्था उभी राहिली होती. या गोष्टी मोलाच्या खऱ्या. परंतु निधीच्या पांच पौंडांनीं पीठ येतें, सोबत येत नाहीं.

ती सोबत नॉर्दॅम्प्टनशरच्या बॅप्टिस्ट संघांत मिळाली. आसपासच्या परगण्यांतील मंडळ्यांनीं १७६४-६५ च्या सुमारास हा संघ स्थापिला होता. वर्षांतून एकदां, उन्हाळ्याच्या तोंडीं, सर्व पाळक दोन दिवस एकत्र जमत. प्रत्येक मंडळीचें पत्र वाचलें जाई, उपदेश होत आणि सर्वांच्या वतीनें एक पत्र छापून गांवोगांव धाडलें जाई. केटरिंग, ओल्नी आणि नॉर्दॅम्प्टन हीं गांवें एका दिवसांत घोड्यावरून जाऊन पोंचण्याजोगीं असल्यामुळें फुलर, सट्क्लिफ आणि रायलंड वार्षिक सभेची वाट न पाहतां मधून मधूनही भेटूं लागले. तिघेही तिशीच्या आसपासचे. रायलंड विद्वान बापाचा विद्वान मुलगा, लहानपणींच हिब्रू शिकलेला. सट्क्लिफ यॉर्कशरचा, सौम्य आणि ग्रंथांचा लोभी. फुलर तर्काचा पक्का. एकाजवळ जें नाहीं तें दुसऱ्याजवळ होतें.

रायलंडला या बाबतींत एक गुरु लाभला होता, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. हा गुरु म्हणजे जॉन न्यूटन. एके काळीं गुलामांच्या जहाजाचा कप्तान, पुढें राजमान्य चर्चचा उपाध्याय. पंथ वेगळा, वयांत मोठें अंतर. तरीही त्यानें या तरुण बॅप्टिस्टाला वर्षानुवर्षें पत्रें लिहून कधीं गोंजारलें, कधीं त्याच्या कवितेंतील अहंपणावर बोट ठेविलें. पत्रानें माणूस घडवितां येतो हें रायलंड तेथें शिकला.

१७८४ सालीं एडिंबरोच्या जॉन अर्स्किन नांवाच्या उपदेशकानें रायलंडकडे पुस्तकांचें एक पुडकें धाडलें. त्यांत अमेरिकेंतील जोनाथन एडवर्ड्स यांचा, सर्व ख्रिस्ती लोकांनीं ठराविक वेळीं मिळून प्रार्थना करावी असें सुचविणारा, १७४८ सालचा एक निबंध होता. रायलंडनें तो वाचून सट्क्लिफ व फुलर यांच्याकडे पाठविला. त्या जूनमध्यें नॉटिंगहॅमच्या वार्षिक सभेंत सट्क्लिफनें ठराव मांडला कीं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं सर्व मंडळ्यांनीं एक तासभर प्रार्थनेसाठीं जमावें. ठराव मंजूर झाला. एका गांवाचें पुस्तक दुसऱ्या गांवीं जाण्याचा परिणाम असा झाला!

पुढच्याच वर्षीं ३० सप्टेंबरला नॉर्दॅम्प्टन येथें पाळकांची एक सभा भरली. तिची हकीकत फुलरच्या रोजनिशींत आहे. सभेपुढें प्रश्न होता: आपल्या कामाला यश येत नाहीं, याचें कारण पाळकांमध्येंच काय असावें? असा प्रश्न धंद्यांतल्या माणसांनीं एकत्र बसून आपल्याच धंद्याविषयीं विचारावा ही गोष्ट कोणत्याही काळीं दुर्मिळ. वकिलांच्या सभेंत वा शिक्षकांच्या परिषदेंत अपयशाचें खापर बहुधा अशिलावर, विद्यार्थ्यावर किंवा सरकारावर फुटतें. त्या दिवशीं तसें झालें नाहीं. मंडळी आळशी आहे, काळ वाईट आहे, असें कोणी म्हटलें नाहीं. निघालेलीं उत्तरें सगळीं अंतर्मुख होतीं: आपली स्वतःची भक्ति उणी आहे, एकांतांतील प्रार्थना मागें पडली आहे, आणि एक फारच मार्मिक उत्तर असें होतें कीं, आपण शास्त्र वाचतों तें दुसऱ्यांना सांगण्यास कांहीं मिळावें म्हणून, स्वतः त्यावर जगावें म्हणून नव्हे. जन्मभर दुसऱ्यांसाठीं स्वयंपाक करणारा आचारी स्वतः उपाशी राहावा, तशी ही अवस्था. ती तेथें मोकळेपणानें बोलली गेली, आणि बोलणाऱ्याची कोणी हेटाळणी केली नाहीं.

याच सुमारास केरी या वर्तुळांत आला. १७६१ चा त्याचा जन्म. ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं रायलंडनें नेन नदींत त्याला बाप्तिस्मा दिला तेव्हां तो बावीस वर्षांचा गरीब कारागीर होता. १७८५ च्या उन्हाळ्यांत ओल्नीच्या मंडळीपुढें त्यानें परीक्षेचा उपदेश केला. मंडळीनें त्याला पसंतीही दिली नाहीं आणि घालवूनही दिलें नाहीं. जेथें बोलतोस तेथें बोलत राहा, मात्र आमच्यापुढें आणखी कांहीं वेळां ये, म्हणजे तुझ्या अंगच्या गुणांची पारख नीट होईल, असा ठराव झाला. वर्षभरानें, ऑगस्ट १७८६ मध्यें, त्याला रीतसर मान्यता मिळाली. मधल्या काळांत सट्क्लिफनें त्याच्या लॅटिनच्या अभ्यासाला हातभार लावला आणि पुस्तकें पुरविलीं. पहिल्या नापसंतीनें एखादा तरुण कायमचा खचतो. केरी खचला नाहीं. कारण नापसंती दाखविणारेच त्याला शिकवीतही होते.

मोल्टन गांवची मंडळी त्याला वर्षाला दहाबारा पौंड देई, लंडनच्या निधींतून पांच पौंड येत. शाळा चालविली, पण पोरांना धाक घालणें त्याला कधींच साधलें नाहीं. म्हणून पुनः चांभारकी. केटरिंगच्या टॉमस गॉच या व्यापाऱ्यासाठीं तो जोडे शिवी. गॉच हा जोड्यांचा मोठा मक्तेदार आणि फुलरच्या मंडळींतील मानकरी. शिवलेले जोडे पाठीवर टाकून केरी मोल्टनहून केटरिंगपर्यंत पायीं जाई आणि परत येतांना कातडें घेऊन येई. असाच तो एकदां आला असतां गॉचनें विचारलें, आठवड्याला या कामांत तुम्हांला काय सुटतें? केरीनें नऊदहा शिलिंग असें सांगितलें. तेव्हां गॉच म्हणाला, यापुढें माझें कातडें नासूं नका. तुमचें लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू चालूं द्या, दर आठवड्याला दहा शिलिंग मी माझ्या खिशांतून देईन.

आठवड्याला दहा शिलिंग म्हणजे वर्षाला सव्वीस पौंड, मंडळीच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. परंतु या गोष्टींतील नाजूकपणा रकमेंत नाहीं. हें दान आहे असें गॉचनें भासूं दिलें नाहीं. कातडें वांचविण्याची थट्टा पुढें करून त्यानें घेणाऱ्याचा मान राखला.

१७९२ साल फुलरच्या आयुष्यांत विलक्षण ठरलें. परदेशीं मिशनरी पाठविणें हें आपलें कर्तव्य आहे, असें प्रतिपादणारें केरीचें पुस्तक त्या वर्षीं निघालें. मे महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या सभेंत त्यानें त्याच विषयावर उपदेश केला, आणि दुसऱ्या दिवशीं कांहींच न ठरतां सर्व जण पांगूं लागले तेव्हां फुलरचा हात धरून आपण पुनः नुसतेच घरीं जाणार काय, असें कळवळून विचारलें. इकडे फुलरच्या घरीं त्याची पत्नी सॅरा हिच्या मनावर शेवटच्या महिन्यांत भ्रम चढला होता. हें आपलें घर नव्हे, हा आपला पति नव्हे, असें तिला वाटे. अकरा मुलांपैकीं आठ या दंपतीनें गमाविलीं. ऑगस्टमध्यें सॅरा वारली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत, २ ऑक्टोबर रोजीं, केटरिंगच्या श्रीमती वॉलिस यांच्या घराच्या मागल्या खोलींत चौदा माणसें जमलीं आणि मिशनरी सोसायटी स्थापन झाली. फुलरच्या तपकिरीच्या डबींत वर्गणीच्या चिठ्ठ्या पडल्या; बेरीज भरली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. चिटणीस म्हणून फुलरची निवड झाली. त्या कामाचें वेतन त्यानें कधींच घेतलें नाहीं.

त्या दिवसांची आठवण सांगतांना फुलर एक दृष्टांत देत असे. पूर्वीं कोणी न पाहिलेल्या खोल खाणीच्या तोंडाशीं कांहीं माणसें विचार करीत उभीं आहेत. केरी म्हणतो, मी आंत उतरतों, तुम्ही वरून दोर धरा. आणि उतरण्यापूर्वीं तो प्रत्येकाकडून वचन घेतो कीं, जिवांत जीव आहे तोंवर दोर सोडणार नाहीं.

१३ जून १७९३ रोजीं केरी कुटुंबासह निघाला आणि नोव्हेंबरांत कलकत्त्यास पोंचला. पुढें मायदेशचें पहिलें पत्र हातीं पडण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. सोबत्याच्या अव्यवहारीपणानें जवळचे पैसे संपले. तेव्हां त्यानें मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली आणि तसें सोसायटीला कळविलें. सोसायटीच्या मंडळानें मात्र, संसाराच्या व्यवहारांत फार गुंतूं नये, अशी त्याला उलट सूचना केली. केरीला ती फार लागली. दोर धरणाऱ्यांनाही खालचा अंधार दिसत नाहीं, याचें हें उदाहरण. पण हा दुरावा टिकला नाहीं. फुलरचीं पत्रें लांब, रोखठोक, घरगुती बातम्यांनीं भरलेलीं असत. चूक झाली तर तीही कबूल करण्याची त्याची तयारी असे.

पिअर्सची गोष्ट निराळ्या प्रकारची आहे. हा १७६६ सालीं जन्मलेला उपदेशक बर्मिंगहॅमच्या मंडळीचा प्राण होता, आणि त्याला हिंदुस्थानांत जाण्याचा ध्यास लागला होता. १७९४ च्या शरदांत त्यानें आपल्या मनःस्थितीची रोजनिशी ठेविली, ती मित्रांपुढें मांडली आणि निर्णय त्यांच्यावर सोंपविला. नोव्हेंबरांत नॉर्दॅम्प्टन येथें मित्रांनीं दिवस प्रार्थनेंत घालवून सांगितलें, तुम्ही जाऊं नये. येथें तुमची गरज अधिक आहे. पिअर्सनें तें मानलें. होकार देणारे मित्र पुष्कळ असतात. नकार देऊनही ज्यांच्यावरचा विश्वास ढळत नाहीं असे थोडे. पुढें पांच वर्षांतच क्षयानें तो खंगला. १० ऑक्टोबर १७९९ रोजीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, तो गेला, तेव्हां फुलर सोसायटीच्या कामासाठीं स्कॉटलंडांत होता. परत आल्यावर त्यानें पिअर्सचें चरित्र लिहिलें. तें १८०० सालीं निघालें आणि त्याचें उत्पन्न पिअर्सच्या विधवेला व मुलांना देण्यांत आलें. मित्राचें स्मारक आणि मित्राच्या पोरांचें अन्न एकाच पुस्तकानें साधलें.

फुलरचा दोर मात्र कोण धरी? मंडळीचा उपदेश, ग्रंथलेखन, सोसायटीचा सारा पत्रव्यवहार आणि वर्गणीसाठीं भ्रमंती हें सर्व एका माणसाच्या शिरावर पडलें. १७९३ सालींच त्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षवाताचा झटका आला होता. तरी पांच वेळां स्कॉटलंड, एकदां आयर्लंड, आणि लंडनच्या खेपा तर मोजदादीबाहेर. श्रीमंतांच्या दारीं फिरतांना हातीं फार थोडें पडलें म्हणजे तो मोठा रस्ता सोडून गल्लीबोळांत शिरे, डोळ्यांतलें पाणी कोणी पाहूं नये म्हणून. मित्र त्याला काम कमी करण्यास सांगत. तो हंसण्यावारी नेई. त्याच्या मित्रांनीं एकमेकांसाठीं पुष्कळ केलें. पण फुलरचें ओझें वांटून घेणारी व्यवस्था त्यांना वेळेवर उभी करतां आली नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. जून १८१४ मध्यें सट्क्लिफ वारला. पुढच्या वसंतांत फुलर अंथरुणाला खिळला. त्यानें रायलंडला शेवटचें पत्र सांगून लिहविलें आणि आपल्या मरणोत्तर उपदेश तुम्हींच करावा अशी विनंति केली. ७ मे १८१५ रोजीं तो गेला, आणि रायलंडनें ती विनंति पाळली.

या साऱ्या प्रेमाच्या वर्तुळाबाहेर एक व्यक्ति राहिली. ती म्हणजे केरीची पत्नी डॉरोथी. लग्नाच्या नोंदींत तिनें सहीच्या जागीं फुली केली होती. हिंदुस्थानांत जाण्यास ती प्रथम नाहीं म्हणाली. निघण्याच्या ऐन वेळीं, बहीण सोबत येईल तर, या अटीवर तयार झाली. १७९४ सालीं तिचा पांच वर्षांचा मुलगा पीटर बंगालमध्यें वारला. त्यानंतर तिच्या मनाचा तोल गेला तो कायमचा. ८ डिसेंबर १८०७ रोजीं ती वारली, तोंवरचीं बरींच वर्षें तिला खोलींत बंद ठेवावें लागलें, आणि शेजारीं केरीचें भाषांतर चाललेलें असे. त्या मित्रांचा आधार चाले तो पत्रांतून, सभेंतून, ग्रंथांतून. आणि फुली करणाऱ्या बाईला त्या तिन्हींत दार नव्हतें. ज्या फुलरनें स्वतःच्या घरीं हेंच दुःख पाहिलें होतें त्यालाही दहा हजार मैलांवरून तिच्यासाठीं कांहीं करतां येण्याजोगें नव्हतें. केरीच्या गुणगौरवांत ही बाई बहुतेक चरित्रकारांनीं तळटीपेंत ढकलली आहे. पण उपदेशकाच्या योगक्षेमाचा विचार करावयाचा तर त्याच्या घराचा उंबरठा तो कसा टाळील?

सेरामपुरांत हें थोडें सुधारलें. १८०० च्या जानेवारींत केरी तेथें मार्शमन आणि वॉर्ड यांना येऊन मिळाला. सर्वांनीं एक कुटुंब होऊन राहण्याचे नियम केले. मिळकत एका तिजोरींत. घरचा कारभार महिन्याच्या पाळीनें. उपदेश व प्रार्थना सर्वांनीं आळीपाळीनें करावी. पुढें फोर्ट विल्यम कॉलेजांतून केरीला दरमहा पांचशें रुपये मिळूं लागले, तेही याच तिजोरींत. पण सर्वांत शहाणपणाचा नियम शनिवारचा होता. दर शनिवारीं संध्याकाळीं, रविवारच्या उपासनेपूर्वीं, आठवड्यांतले रुसवेफुगवे आणि मतभेद समोरासमोर काढून मिटवावयाचे आणि एकमेकांवर प्रेम करण्याचें वचन पुनः द्यावयाचें. एका छपराखालीं, परक्या हवेंत, रोज एकाच पंक्तीला बसणाऱ्या माणसांत कटुता कशी सांठते हें ज्यानें अनुभविलें असेल त्यालाच या नियमाचें मोल कळेल. केरीच्या आईवेगळ्या झाल्यासारख्या मुलांना श्रीमती हॅना मार्शमन आणि वॉर्ड यांनीं वळण लाविलें. १८०५ सालीं आपल्या कामाचीं तत्त्वें त्यांनीं एका करारांत लिहिलीं आणि दर वर्षीं तीन वेळां तीं सर्वांसमक्ष वाचण्याचा परिपाठ घातला. मराठीचें व्याकरण त्याच वर्षाचें आहे.

११ मार्च १८१२ रोजीं सेरामपूरचा छापखाना जळाला. कागद, टाइप, हस्तलिखितें यांची राख झाली. नुकसान दहा हजार पौंडांच्या घरांत. फुलर तेव्हां जिवंत होता. इंग्लंडांत बातमी पोंचल्यावर सुमारें दोन महिन्यांत ही रक्कम जमली. वीस वर्षांपूर्वीं तपकिरीच्या डबींत तेरा पौंड जमले होते, त्याची येथें आठवण होते.

फुलरनंतर मात्र चित्र पालटलें. सोसायटी वाढली, कारभार लंडनला गेला, पगारी चिटणीस आला. नव्या मंडळांतील बहुतेकांनीं केरीला कधीं पाहिलेंही नव्हतें. सेरामपूरचीं घरें, जमीन, छापखाना हीं कोणाच्या नांवावर आहेत, असा प्रश्न त्यांनीं विचारला. हिशेब मागणें गैर होतें असें म्हणतां येणार नाहीं. लोकांच्या पैशांचा हिशेब असावाच, आणि मार्शमनचा स्वभावही या बाबतींत सरळ नव्हता. पण जीं पत्रें पूर्वीं भावाचीं असत तीं आतां कचेरीच्या खलित्यांसारखीं वाटूं लागलीं, आणि केरीला हा फरक जिव्हारीं लागला. कलकत्त्यांतील तरुण मिशनऱ्यांनीं सेरामपूरकरांपासून वेगळा संसार मांडला. त्यांत केरीचा पुतण्या युस्टेस होता. आणि ज्या पिअर्सला मित्रांनीं येऊं दिलें नव्हतें त्याचा मुलगा विल्यमही होता.

१८२३ सालीं वॉर्ड वारला, १८२५ सालीं रायलंड. १७८४ च्या पुडक्यापासून पुस्तकें फिरविणाऱ्या त्या तिघांपैकीं आतां कोणी उरलें नाहीं. १८२७ च्या मार्चमध्यें सेरामपूर आणि सोसायटी यांची रीतसर फारकत झाली. ९ जून १८३४ रोजीं केरी वारला तेव्हांही ती तशीच होती. शेवटीं १८३७ च्या डिसेंबरांत लंडन येथें समेटाचा करार झाला. सेरामपूरच्या जुन्या त्रयींपैकीं एकटा उरलेला मार्शमन त्याच महिन्याच्या ५ तारखेस निवर्तला. समेटाचें पत्र जहाजानें हिंदुस्थानांत यावयास आणखी कांहीं महिने लागावयाचे होते.